तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीत नेट कसं मिळतं?

लग्नात, बारशात, मागं एकदा तर दहाव्यालासुद्धा एका भाऊजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, तुमच्या त्या गाडीत नेट कसं काय चालतं? स्पीड किती मिळतो?"

गाडी म्हणजे आमची टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या सीटा काढून तिच्यात दोन बाकं, एक ओटा, पाण्याची टाकी आणि टपावर सोलर बसवून घेतलंय. (आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते. ती वेगळीच कथा आहे, इथं नको.) महिन्यातले दहा-बारा दिवस आम्ही दोघं तिच्यातच असतो, आणि फार लांब नाही, मराठवाड्यातच हिंडतो. नळदुर्ग, औसा, कंधार, येलदरी, पार वरती वेरूळ-म्हैसमाळपर्यंत. आमचे हे निवृत्त झालेत, मी झालेली नाही. लातूरच्या आडतीतल्या आणि आसपासच्या दुकानदारांचं जीएसटीचं काम मी बघते. ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, २० तारखेला कर भरायचं ३बी. गाडी धरणाच्या कडेला उभी आहे की देवळाच्या, याच्याशी त्या तारखांना काही घेणंदेणं नसतं. उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये दंड सुरू.

तेव्हा भाऊजींनी विचारलेल्या स्पीडचं आधी सांगते: मला स्पीड लागतच नाही. माझी फाईल दोन-चारशे केबीची. पण ती चढत असताना मधेच तुटता कामा नये, आणि ओटीपी जातो दुकानदाराच्या फोनवर, म्हणून त्याच वेळी त्याला माझा फोनही लागला पाहिजे. शेठजींनी चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवेपर्यंत दोन्हीकडची रेंज टिकली पाहिजे. तुमचं काम व्हिडिओचं असेल तर तुमचं गणित निराळं. म्हणून काही विकत घ्यायच्या आधी आपल्याला नेमकं किती आणि कशासाठी लागतं, ते एकदा वहीत लिहून काढा. आम्ही ते केलं नाही आणि पहिल्या वर्षी नको त्या वस्तूंवर पैसे घातले.

लातूरच्या माणसाला खरं तर हे सगळं सांगायची गरज नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही बघितलंय. नळ कधी येणार हे ठाऊक असायचं, आणि तो आला की ड्रम, घागरी, हंडे, अगदी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायची. गाडीतल्या नेटचंही तसंच आहे. ते आलं की भरून घ्यायचं. संध्याकाळी आठ ते अकरा गावातलं प्रत्येक घर त्याच टॉवरवर मालिका आणि क्रिकेट बघत असतं, तेव्हा फोनवर सिग्नलच्या चार कांड्या दिसूनही पान उघडत नाही. तोच टॉवर पहाटे पाचला एकट्या तुमचा असतो. नकाशे उतरवून ठेवणं, मोठ्या फाईली चढवणं, फोनची अपडेटं, ह्यांना लागतात त्या कीर्तनाच्या चित्रफिती, हे सगळं मी पहाटे उरकते. दिवसाचा दीड-दोन जीबी रात्री बाराला नव्यानं मिळतो, त्यामुळं पहाटे डेटाही ताजाच असतो.

मुक्कामाची जागा आम्ही चार वाजायच्या आतच धरतो. गाडी थांबली की आधी मी फोन घेऊन उतरते, मग चहा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* असं दाबलं की सिग्नलचा खरा आकडा दिसतो. तो उणे असतो. उणे ९० पर्यंत मी निर्धास्त, उणे १०५ ला कपाळाला आठ्या, उणे ११५ च्या पुढं गेला की गाडी परत सुरू. हे आकडे फसवे असतात. उणे ९५ आणि उणे १०५ यांत फक्त दहाचाच फरक दिसतो, प्रत्यक्षात ताकद दहा पट कमी झालेली असते. कांड्यांवर तर मी अजिबात विश्वास ठेवत नाही, त्या प्रत्येक फोन आपापल्या मर्जीनं काढतो. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०२४ च्या नियमांपासून कंपन्यांना कव्हरेजचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो, तो निघायच्या आधी जरूर बघावा. पण नकाशाला दरी कळत नाही. आपलं बालाघाट असं आहे की वरच्या माळावर पाच मिनिटांत सिनेमा उतरतो आणि तिथून दीड किलोमीटर खाली झऱ्याकाठी आलं की फोनचं नुसतं घड्याळ होतं.

नकाशापेक्षा माणूस बरा. प्रत्येक गावाला रेंजचा एक लिंब नाहीतर एक दगड असतोच. २०२० मध्ये शाळा फोनवर आल्या तेव्हा पोरांनी या जागा हुडकून काढल्या, त्या अजून गावाला पाठ आहेत. एकदा बरडावर फोन डोक्याच्या वर धरून मी गोल गोल फिरत होते, तर शेळ्या राखणारे एक आजोबा थांबले.

"काय हुडकायलात, ताई?"

"रेंज हो, बाबा."

"मग हितं काय फिरायलात? त्या डीपीच्या अलीकडं मोठा धोंडा हाय बघा. त्याच्यावर बसून बोलत्यात समदे. उभं ऱ्हायलं की जाती."

धोंड्यावर बसले. उणे ९४. उभी राहिले. उणे १०८. आजोबांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, "मी कवाच सांगितलं की."

आता स्टीलच्या डब्याची गोष्ट सांगते, ही आमच्याकडे पाहुण्यांपुढं अजून सांगितली जाते. येलदरीच्या धरणाजवळ होतो, एप्रिलचा शेवट, दुपारची वेळ. डॅशबोर्डवरचा फोन इतका तापला की त्यानं हॉटस्पॉट आपणहून बंद करून टाकला. मी डोकं चालवलं. भाकरीचा स्टीलचा डबा रिकामा केला, बाहेरून ओलं फडकं गुंडाळलं, फोन आत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. फोन गार झाला, नेट मात्र साफ गेलं. ह्यांनी दुसऱ्या सिमवरून कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावून पंधरा मिनिटं तावातावानं भांडून घेतलं. पलीकडची मुलगी बिचारी गोड आवाजात विचारत होती, "सर, आपण सध्या बंदिस्त जागेत आहात का?" हे म्हणाले, "बाई, मी धरणाच्या काठावर उघड्या माळावर आहे!" ते माळावर होते हे खरंच, फोन तेवढा डब्यात होता.

पत्रा लहरी अडवतो, आणि आमची गाडी म्हणजे काचा लावलेला मोठा डबाच. हे तिथं डोक्यात शिरलं. बाहेर उणे ९८ असेल तर आत ओट्यापाशी उणे ११० होतं. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फोन काचेला चिकटवायचा, ऊन नसलेल्या बाजूच्या, आणि तिथून यूएसबीची वायर लॅपटॉपला. वायरीनं नेट घेतलं की हॉटस्पॉटसारखा फोन तापत नाही, आणि त्याची बॅटरीही भरत राहते. सुरुवात करणाऱ्यानं वर्षभर एवढ्यावरच काढावं असं माझं मत आहे.

आम्ही पुढं सिमचं राऊटर घेतलं, म्हणजे सिम घालून वायफाय देणारा डबा, बाहेरचा अँटेना जोडता येईल असं. अँटेना टपावर, राऊटर बरोबर त्याच्या खाली आतून. मधली केबल जितकी तोकडी तितकी चांगली. आम्ही हौसेनं दहा मीटर आणली होती, अँटेनानं मिळवलेलं सगळं तीच खाऊन टाकायची. कापून दोन मीटर केली तेव्हा फरक पडला. राऊटर १२ व्होल्टवर चालतं, म्हणून इन्व्हर्टर मधे न घालता थेट गाडीच्या बॅटरीवर घेता येतं. फक्त मधे व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा डबा लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या वर व्होल्ट असतात, आमचं पहिलं राऊटर त्यातच गेलं.

सिम दोन कंपन्यांची हवीत, हे सगळेच सांगतात. पण पुष्कळ ठिकाणी टॉवर भलत्याच तिसऱ्या कंपनीचा असतो आणि त्याच्यावर या दोघींचे अँटेने शेजारी शेजारी लटकलेले असतात. लाईट गेली, टॉवरची बॅटरी उतरली, जनरेटरात डिझेल नसलं, की दोन्ही सिम एकदमच मान टाकतात. उन्हाळ्यात रात्री हे हमखास होतं. म्हणून आता गावात लाईट गेली की मी घड्याळ बघते. माझ्या अनुभवात दोन-तीन तास हातात असतात, तेवढ्यात निकडीचं काम संपवायचं. तिसरं बीएसएनएलचं सिमही गाडीत असतं. २०२५ च्या सप्टेंबरात त्यांचं देशी बनावटीचं ४जी रीतसर सुरू झालं, आणि एखाद्या आडगावी तेच एकटं सापडतं.

भाचा अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून येतो आणि म्हणतो, "मावशी, बूस्टर लाव ना. तिकडं सगळे लावतात." लावत असतील, तिथं त्याला नियमात मुभा आहे. आपल्याकडे खासगी माणसानं मोबाईलचा सिग्नल बूस्टर लावणं हा गुन्हा आहे. कारणही पटण्यासारखं आहे: आपल्या गाडीत चार कांड्या याव्यात म्हणून तो आख्ख्या टॉवरच्या कानात ओरडतो आणि आसपासच्यांचे फोन तुटतात. दुकानात मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही. मलाही एका मोठ्या शहरातल्या दुकानदारानं "काही होत नाही ताई" म्हणत गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. सॅटेलाइट फोनचंही तेच, दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो जवळ बाळगलात तर पोलीस ठाण्याची पायरी चढाल. उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये सरकारचा परवाना मिळाला, पण म्हणून कुणी परदेशातून डिश बॅगेत घालून आणली तर ती इथं लावता येत नाही. आणि खरं सांगू का, उणे ९४ जर धोंड्यावर फुकट मिळत असेल तर मला आकाशातलं कशाला?

इतकं शहाणपण सांगतेय, पण ते आलं बीडजवळच्या कपिलधारच्या रात्री. श्रावण होता, धबधबा पडत होता. मन्मथस्वामींचं दर्शन झालं, हे म्हणाले आज इथंच राहू. मीही हो म्हटलं. तारीख २०, हे माझ्या ध्यानात होतं, पण तीनच विवरणपत्रं राहिली होती आणि ती कुठं पळून जातात, असं मनात होतं. संध्याकाळी सहाला लॅपटॉप उघडला तर दोन्ही सिम मेलेली. दरीच ती. पावसात गाडी काढली, घाट चढून मांजरसुंब्याच्या चौकाकडं आलो, एका ढाब्याच्या पत्र्याखाली उभी केली. नेट धो धो. पण पहिले शेठ भजनाला गेलेले, दुसऱ्यांचा फोन नातवाकडं आणि तो गेममधून बाहेर येईना, तिसऱ्यांनी ओटीपी सांगितला तो बँकेचा. त्या दिवशी सगळा देश पोर्टलवर तुटून पडलेला असतो हे वेगळंच. अकरा चाळीसला शेवटचं विवरणपत्र गेलं. ढाबेवाल्या दादांनी तोवर तीनदा चहा पाठवला होता, आणि ह्यांची शेवभाजी खाऊन एक झोपही झाली होती.

तेव्हापासून १० ते ११ आणि १८ ते २० या दिवसांत आम्ही तालुक्याच्या गावाबाहेर जात नाही. तालुक्याला आता केबलवाल्यांचं फायबर पोचलंय, लॉजचं वायफाय मिळतं, आणि काहीच जमलं नाही तर आपले सरकार सेवा केंद्र असतं. तिथल्या पोरासमोर खुर्ची ओढून बसायचं, काय होतील ते पैसे द्यायचे. बसल्या बसल्या कुणाच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं काय अडलंय तेही कळतं. यात्रेच्या गावीही या तारखांना फिरकत नाही. नवरात्रात तुळजापूर आणि षष्ठीला पैठण, तिथं गर्दीत टॉवरच गुदमरतो. आंदोलनाच्या काळात बीड-जालन्याकडं सरकारी आदेशानंच इंटरनेट बंद झालं होतं. तेव्हा कुठलाही अँटेना उपयोगाचा नसतो. एका दुकानदाराचं काम त्या वेळी मी फोनवर आकडे सांगून लातूरच्या मैत्रिणीकडून करून घेतलं.

२१ तारखेला मात्र राऊटरची वायर मी स्वतः काढून ठेवते. या खेपेला श्रावणात परत कपिलधारलाच जायचं ठरलंय, खाली दरीत. भाऊजी, तेव्हा फोन लागला नाही तर काळजी करू नका, आणि अगदीच निकडीचं असेल तर मांजरसुंब्याच्या त्या ढाब्यावर निरोप ठेवा. हे शेवभाजीसाठी एकदा तरी वर येतातच.