बिसारा: फोडणीशिवाय बाकल्याचं सूप, हिवाळ्यातली प्रगती

मंडळी, बिसाऱ्याचा पोत आता मनासारखा यायला लागलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

मोरोक्कोच्या उत्तरेकडे, शेफशावन, तेतुआन, फेस या भागात थंडीच्या सकाळी छोट्या खानावळींतून बिसारा मिळतो. वाळवलेला बाकला (इंग्रजीत फावा बीन), लसूण, पाणी, मीठ एवढंच शिजवायचं. वाडग्यात ओतल्यावर वर ऑलिव्ह तेल, जिरेपूड आणि पापरिका म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, सोबत पाव. माझा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी चाललाय: फोडणीचा आधार न घेता या कडधान्याची चव पुरती उतरवायची. आपल्याकडे डाळ शिजली तरी आमटीचं निम्मं काम बाकी असतं. बिसाऱ्यात सगळं काम शिजवण्यातच आहे.

आधी बाकल्याबद्दल. शारजात अरबी किराणा दुकानांत तो 'फूल' म्हणून मिळतो, सालासकट तपकिरी आणि सोलून दुभागलेला पिवळसर, असा दोन्ही. बिसाऱ्याला सोललेलाच लागतो, कारण सालातल्या टॅनिनमुळे सूप काळपट आणि तुरट होतं. दुभागलेला घेताना रंग नीट बघा. सायीसारखा फिकट पिवळा असेल तर माल नवा. तपकिरीकडे झुकलेला असेल तर जुना, आणि गरम दमट गोदामात पडून राहिलेलं कडधान्य कितीही उकळलं तरी मऊ पडत नाही. मी आता पारदर्शक पाकिटातलाच घेते.

सालासकट आणून घरी सोलण्याचाही प्रयोग सुरू आहे, आणि ज्यांच्या घरी बिरडं होतं त्यांना हात कसा चालतो ते सांगायला नको. बाकला मोठ्या दाण्याचा, साल जाड, त्यामुळे तो रात्रभर आणि वर सकाळचे काही तास भिजू द्यावा लागतो. दाण्याच्या एका टोकाला काळी रेघ असते. तिच्याजवळ नखाने साल थोडी फाडायची आणि विरुद्ध टोक दोन बोटांत दाबायचं. दाणा सुळकन बाहेर येतो, ओला, गुळगुळीत, हलक्या हिरवट वासाचा. हा वास तयार दुभागलेल्यात जवळजवळ नसतोच. सूपमध्ये तो गोडसरपणा होऊन उतरतो. वेळ असेल तर घरी सोललेल्याचाच करा, असं माझं ठाम मत आहे.

सध्याचं प्रमाण: पाव किलो दुभागलेला बाकला, सव्वा लिटर पाणी, सहा-सात लसूणपाकळ्या अख्ख्या, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल पातेल्यातच. बाकला दोन-तीन पाण्यांनी धुऊन तासभर भिजवते. उकळी आली की पांढरा फेस भराभर वर येतो. तो काढून टाकला की चव स्वच्छ लागते, म्हणून पहिली दहा मिनिटं मी गॅसपाशीच असते. लसूण आणि तेल घालायचं ते फेस काढून झाल्यावर. मग आच मंद आणि झाकण तिरकं. पाऊण तासात दाणे आपोआप विरघळू लागतात. शेवटी मीठ, आणि घुसळायला रवी. मिक्सरमधून फार गुळगुळीत होतं. रवीने घुसळलं की अधूनमधून एखादा रवाळ कण जिभेला लागतो, आणि मला ते हवंच असतं.

कुकरमध्येही होतं, पण फेसाने शिट्टीची नळी तुंबू शकते. करायचंच असेल तर उघड्या कुकरमध्ये फेस काढून घ्या, कुकर एक तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका आणि तेल विसरू नका. बोअरच्या जड पाण्यात शिजवणाऱ्यांनी चिमूटभर खायचा सोडा घालायला हरकत नाही. त्या पाण्यातलं कॅल्शियम दाणा कडक ठेवतं. पण खरंच चिमूटभर. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ब१ जीवनसत्त्वही जातं.

आता वरून घालायच्या गोष्टींकडे. जिरं मी कोरडंच मंद भाजून लगेच कुटते आणि वाढताना घालते. उकळत्या सूपमध्ये घातलं तर त्याचा वास मागे पडतो. पापरिकाऐवजी बेडगी मिरचीची पूड चालते, नव्हे, छान चालते: रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. तेलाच्या बाबतीत मात्र मी हट्टी झालेय. तेल कच्चंच हवं. ज्यांनी पिठल्यावर कच्च्या तेलाची धार घेऊन भाकरी खाल्लीय त्यांना हे लगेच पटेल. घाण्याचं शेंगदाणा तेलही घालून पाहिलं. उत्तम लागलं, पण तो पदार्थ आपल्याकडचा झाला. हिरवट, किंचित कडवट ऑलिव्ह तेल बाकल्याच्या गोडसरपणाला छेद देतं, बिसाऱ्याला तेच हवं. मोहरी-हिंगाची फोडणीही एकदा निम्म्या भागावर ओतली, दोन वाडगे शेजारी ठेवून चाखले. फोडणीच्या वाडग्यात चांगली आमटी होती, बाकला मात्र कुठल्याही डाळीसारखा लागत होता.

थंड झालं की सूप घट्ट बसतं, कारण बाकल्यात पिष्ट भरपूर. परत गरम करताना आधणाचं पाणी थोडं थोडं घालून घुसळायचं, आणि आचेवर असताना लक्ष ठेवायचं. घट्ट बिसारा फदफदतो आणि हातावर उडाला तर चांगलाच भाजतो.

इजिप्तचा बिसारा वेगळाच, आणि या महिन्यात तोच जास्त केला. तिथे याच बाकल्यात कांदा, लसूण, कोथिंबीर, पार्स्ली, शेपू घालून शिजवतात, वाटून पुन्हा आचेवर आटवतात आणि ताटलीत ओतून बसू देतात. वर खरपूस तळलेला कांदा. प्राण्यांपासून आलेलं काहीच यात नसल्यामुळे कॉप्टिक ख्रिश्चनांच्या उपासाच्या दिवसांतही हा चालतो. आमच्या इमारतीतल्या अलेक्झांड्रियाच्या शेजारणीने सुकवलेला पुदिना आणि चमचाभर सुकी मुलुखिया (तागाच्या जातीची पालेभाजी) शेवटी घालायला सांगितली. पुदिन्याने खरंच उठाव येतो, आणि मुलुखियामुळे मिश्रण हलकं बुळबुळीत होऊन छान बसतं.

माझी अडचण होती रंगाची. पालेभाज्या बाकल्याबरोबर पाऊण तास उकळल्या की हिरवा रंग मरून शेवाळी होतो. आता बाकला आणि कांदा-लसूण आधी पूर्ण शिजवते, पाला उरलेल्या शेवटच्या पाच-सात मिनिटांपुरताच घालते, वाटते आणि मग झाकण न ठेवता आटवते. रंग पोपटी राहत नाही, पण प्रसन्न हिरवा राहतो. पाण्याचं प्रमाणही एक लिटरवर आणलंय. शेपू मात्र अर्धी मूठच. जास्त झाला तर बाकीचं काही ऐकूच येत नाही.

एक गोष्ट सगळ्यांनी नीट वाचा. ज्यांच्यात जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी बाकला अजिबात खायचा नाही, शिजवलेलाही नाही. त्यातल्या व्हायसिन आणि कॉनव्हायसिनमुळे अशा माणसांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि लहान मुलांमध्ये हे जिवावर बेतू शकतं. ही कमतरता आनुवंशिक आहे, भारतातही अनेक समाजांमध्ये आढळते, आणि साध्या रक्ततपासणीत कळते. पाहुण्यांना वाढण्याआधी मी विचारतेच. खाल्ल्यावर डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि बाकला मिळाला नाही म्हणून कडवे वाल वापरू नका. त्यांचं बिरडंच करा, तिथे त्या कडवटपणाला नारळ आणि गूळ सांभाळून घेतात. बिसाऱ्यात सांभाळायला कोणी नसतं. उत्तर भारतात, विशेषतः बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात बाकला पिकतो, त्यामुळे ओळखीचं कोणी तिकडचं असेल तर वाळवलेले दाणे मागवून बघा.

पुढचा बेत सिसिलीच्या माक्कोचा आहे. तोही सुक्या बाकल्याचाच, पण त्यात रानबडीशेपेचा कोवळा पाला पडतो, आणि १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला, तो तिथे आवर्जून करतात. रानबडीशेप इथे मला कुठेच दिसली नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यातली बडीशेप बाल्कनीतल्या कुंडीत पेरलीय. रोपं वीतभर झालीत, पाला चुरगळला की वास झणझणीत येतो. सणापर्यंत मूठभर निघाला तर प्रमाणासकट लिहीन. कुणी हा पाला डाळीत शिजवून पाहिला असेल तर आधी घालायचा की शेवटी, तेवढं कळवा.