'एकूण आवक' या आकड्याची गोष्ट: क्वेरीतून आलेल्या ओळी मोजण्याचा माझा अनुभव

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष पॅकहाउसच्या आवक-नोंदणीच्या प्रणालीचे काम सातपूर येथील आमच्या लहानशा कार्यालयाकडे आले, तेव्हा तिचा बहुतेक भाग पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला होता आणि तो पीएचपी ८ वर नेणे एवढेच आमच्याकडून अपेक्षित होते. त्या सगळ्यात सर्वांत किरकोळ वाटणारी बाब म्हणजे मुख्य स्क्रीनवर दिसणारा 'आजची एकूण आवक' हा आकडा. बागेतून माल घेऊन गाडी आली, की गेटवर तिची एक नोंद होते, आणि अशा नोंदी आज किती झाल्या एवढेच तो आकडा सांगतो. प्रत्यक्षात माझा सर्वाधिक वेळ याच आकड्यावर गेला.

जुना प्रोग्राम आधी पूर्ण क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, चालवत असे आणि हाती आलेल्या निकालावर 'मायएसक्यूएल नम रोज' हे फंक्शन लावून ओळींची संख्या काढत असे. पीएचपीच्या ज्या एक्स्टेन्शनमध्ये (जोडभागात) हे फंक्शन होते ते पीएचपी ५.५ मध्येच कालबाह्य ठरले होते आणि २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून ते काढून टाकण्यात आले, त्यामुळे पर्याय शोधणे भागच होते. आम्ही पीडीओ, म्हणजे वेगवेगळ्या डेटाबेसांशी एकाच पद्धतीने बोलणारा पीएचपीचा भाग, निवडला. त्याचे कारण असे, की पॅकहाउसच्या कार्यालयात मायएसक्यूएल हा सर्व्हरवरचा डेटाबेस असला, तरी बागेतील संकलनाच्या ठिकाणी नेटवर्कचा भरवसा नसतो. तेथे लॅपटॉपवर एसक्यूलाइट या एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसमध्ये नोंदी होतात आणि संध्याकाळी त्या मुख्य डेटाबेसमध्ये येतात. दोन्हीकडे एकच कोड चालावा, ही इच्छा होती.

पीडीओमध्ये 'रोकाउंट' नावाची मेथड आहे आणि नाव पाहून कोणालाही वाटावे, की शोध येथेच संपला. कार्यालयातील संगणकावर तिने अचूक आकडा दिलाही. लॅपटॉपवरील चाचणीत मात्र खाली नोंदींची यादी व्यवस्थित दिसत होती आणि वर आकडा शून्य होता. पॅकहाउसचे व्यवस्थापक शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "ताई, गाड्या तर डोळ्यांसमोर दिसताहेत, मग हा शून्य कसला?" प्रश्न रास्त होता. पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये याचे उत्तर स्पष्ट दिलेले आहे: ही मेथड मुळात इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट या ओळी घालणाऱ्या, बदलणाऱ्या व काढणाऱ्या आज्ञांमुळे किती ओळींवर परिणाम झाला हे सांगण्यासाठी आहे, आणि ओळी वाचणाऱ्या सिलेक्टच्या बाबतीत ती काय देईल हे त्या त्या डेटाबेसच्या ड्रायव्हरवर (त्याच्याशी जोडून देणाऱ्या भागावर) अवलंबून असते. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरला आकडा देता येतो, कारण तो सहसा सगळ्या ओळी सर्व्हरवरून आधीच आणून मेमरीत ठेवतो. एसक्यूलाइट मागितली तशी एकेक ओळ काढून देते. शेवटची ओळ येईपर्यंत एकूण किती ओळी आहेत हे तिलाही ठाऊक नसते. हे एकदा ध्यानात आले, की शून्याचे आश्चर्य उरत नाही.

यानंतरचा सरळ मार्ग म्हणजे 'फेचऑल' करून सगळ्या ओळी ॲरेमध्ये (मेमरीतील यादीत) घेणे आणि ॲरेचे घटक मोजणे. एका दिवसाच्या यादीसाठी हे मी तसेच ठेवले आहे आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. ओळी दाखवायच्याच असतील, तर त्या मोजण्यासाठी डेटाबेसला दुसऱ्यांदा कशाला त्रास द्यायचा? संपूर्ण हंगामाच्या अहवालात मात्र हाच उपाय अंगाशी येतो. पीएचपीची मेमरी-मर्यादा न बदलल्यास १२८ एमबी असते, आणि केवळ एका आकड्यासाठी हंगामातील प्रत्येक वजनाची ओळ ओढून आणली, तर ती ओलांडल्याचा संदेश देऊन प्रोग्राम थांबतो. तेथे मोजणीचे काम डेटाबेसवरच सोपवायला हवे होते. काउंट स्टारची, म्हणजे फक्त ओळींची संख्या मागणारी, क्वेरी पाठवायची, 'फेचकॉलम'ने तिच्या एकुलत्या ओळीतील एकुलता आकडा घ्यायचा, आणि मोजणीच्या क्वेरीतून ऑर्डर बाय काढून टाकायचे, कारण मोजण्यासाठी क्रम लावण्याची गरज नसते.

खरी मेहनत यापुढे होती, कारण डेटाबेस मोजून देतो ते आपण विचारलेलेच. एका गाडीतील क्रेट एकाच वेळी वजनकाट्यावर जात नाहीत, त्यामुळे आवकेच्या एका नोंदीला वजनाच्या अनेक ओळी जोडलेल्या असतात. दोन टेबलांचा जॉइन करून, म्हणजे त्यांच्या ओळी एकमेकींना जोडून, काउंट स्टार केले, की गाड्यांऐवजी वजने मोजली जातात आणि आकडा फुगतो. तेथे आवक-क्रमांकावर काउंट डिस्टिंक्ट, म्हणजे वेगवेगळ्या क्रमांकांचीच मोजणी, लागले. याच्या उलट प्रकार रेसिड्यू अहवालाच्या रकान्यात दिसला. काउंट स्टार प्रत्येक ओळ मोजते. कंसात एखाद्या रकान्याचे नाव दिले, तर तो रकाना नल (रिकामा) असलेल्या ओळी गाळल्या जातात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांना अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीनुसार प्लॉटची नोंदणी आणि कीडनाशकांच्या अंशांची तपासणी आवश्यक असते, आणि अहवाल येण्यापूर्वी तो रकाना रिकामाच असतो. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे अहवालाची वाट पाहणाऱ्या नोंदी, हे व्यवस्थापकांना दाखवले तेव्हा तो फरकही स्क्रीनवर स्वतंत्रपणे दाखवावा, अशी मागणी त्यांनीच केली.

'किती बागायतदारांकडून माल आला' या प्रश्नासाठी लिहिलेल्या क्वेरीत ग्रुप बाय, म्हणजे बागायतदारनिहाय गट करणे, होते. तिच्यावर थेट काउंट लावल्यास एक आकडा न येता प्रत्येक बागायतदारामागे एक आकडा येतो. त्यामुळे मूळ क्वेरी कंसात घेऊन बाहेरून मोजावी लागते. मायएसक्यूएल अशा आतील क्वेरीला टोपणनाव दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि १२४८ क्रमांकाची एरर देते.

वेगाची तक्रार आली ती तारखेच्या अटीमुळे. जुन्या क्वेरीत वेळेच्या रकान्यावर डेट फंक्शन लावून आजच्या तारखेशी तुलना केलेली होती. रकाना फंक्शनमध्ये गुंडाळला, की त्यावरील साध्या इंडेक्सचा (शोधसूचीचा) उपयोग होत नाही आणि सगळे टेबल चाळावे लागते. आज पहाटे शून्य वाजल्यापासून उद्याच्या शून्य वाजण्याआधीपर्यंत, अशी अट लिहिल्यावर तोच आकडा तत्काळ येऊ लागला. अट नसलेली मोजणी मायएसक्यूएलच्या मायआयएसएएम या जुन्या साठवण-पद्धतीत झटपट होत असे, कारण तेथे ओळींची संख्या टेबलासोबतच साठवलेली असते. आताची इनोडीबी ही पद्धत असा आकडा साठवत नाही, कारण एकाच क्षणी वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनना (एकगठ्ठा चालणाऱ्या क्वेऱ्यांच्या गटांना) वेगवेगळ्या ओळी दिसू शकतात. टेबल स्टेटसमध्ये दिसणारी संख्या तेथे केवळ अंदाज असते, त्यामुळे ती अहवालात घेण्याची सूचना मी नाकारली.

यादीच्या पानांसाठी पूर्वी, पानापुरत्याच ओळी आणूनही एकूण संख्या सांगणारे, 'एसक्यूएल कॅल्क फाउंड रोज' वापरलेले होते, आणि मायएसक्यूएल ८.०.१७ पासून तेही कालबाह्य आहे. त्याऐवजी एक क्वेरी मोजणीची आणि एक लिमिट (पानापुरत्या ओळींची मर्यादा) लावलेली, अशा दोन क्वेऱ्या ठेवल्या. विंडो फंक्शन (प्रत्येक ओळीसोबत एकूण हिशेबही देणारे) वापरून एकाच क्वेरीत एकूण संख्या मिळवण्याचा प्रयोगही केला, परंतु यादी संपल्यानंतरचे पान मागितले, की एकही ओळ येत नाही आणि ओळीसोबत येणारी एकूण संख्याही मिळत नाही. दोन क्वेऱ्यांच्या मधल्या क्षणी नवी गाडी नोंदवली गेली, तर वरचा आकडा आणि खालची यादी जुळणार नाही. स्क्रीनवर ते चालते, पुढच्या वेळी पान उघडले की दोन्ही जुळतात. छापून सहीसाठी जाणाऱ्या दिवसअखेरच्या अहवालात मात्र दोन्ही क्वेऱ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवल्या आहेत. इनोडीबीच्या नेहमीच्या रिपीटेबल रीड पातळीवर दोघींनाही डेटाचे एकच चित्र दिसते.

शेवटी उरला गेटवरचा लाल दिवा, जो प्रलंबित नोंद असल्यास लागतो. त्यासाठी आधीचा कोड सगळ्या प्रलंबित नोंदी मोजून संख्या शून्यापेक्षा मोठी आहे का, हे पाहत असे. तेथे मोजणी काढून एक्झिस्ट्स (अशी नोंद आहे का, एवढेच विचारणारी अट) लावले, म्हणजे पहिली नोंद सापडताच शोध थांबतो.