टास्क मॅनेजरच्या जागी काय?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या ऑफिसातले संगणक मी सांभाळतो. ड्रॉइंगच्या पीडीएफ, जॉब कार्ड, कोटेशन, चलन एवढंच काम. त्याला सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि ८ जीबी रॅम पुरून उरते. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. धडधाकट मशीन भंगारात घालायला माझं मन तयार होईना. हिशोबाच्या सॉफ्टवेअरसाठी एक नवं विंडोज मशीन घेतलं, बाकी सगळ्यांवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम चढवली.

ब्राउझर, प्रिंटर, एक्सेलच्या फाइली यांची घडी लवकर बसली. प्रश्न माझ्या कामाचा होता. "अण्णा, मशीन लई हळू व्हायलंय की!" अशी हाक आली की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्राम किती भार टाकतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडायची, ही वर्षानुवर्षांची सवय. आता काय दाबायचं?

इंटरनेटवर 'याच्या जागी हे' असे तक्ते भरपूर मिळतात. टास्क मॅनेजरच्या जागी सिस्टम मॉनिटर किंवा मिशन सेंटर, टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) टॉप, एचटॉप नाहीतर बीटॉप. तक्ते चूक नाहीत, पण अपुरे आहेत. माझं ठाम मत असं की आधी आपण मशीनला कोणते प्रश्न विचारत होतो ते कागदावर लिहावं. रॅम कोण खातंय? डिस्क कोण अडवतंय? मशीन तापलंय का? नेट कुठे जातंय? कारण साधन बदललं की नुसता पडदा बदलत नाही, आकड्यांचा अर्थही बदलतो.

सीपीयूचंच घ्या. टास्क मॅनेजर प्रोसेसरचे सगळे कोअर (काम करणारे आतले भाग) मिळून १०० टक्के धरतो. टॉप आणि एचटॉप एका कोअरला १०० धरतात. आमच्या चार कोअरच्या मशीनवर एखादा प्रोग्राम १८० टक्के दाखवू शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टॉपमध्ये शिफ्ट-आय दाबलं की तो विंडोजसारखा हिशोब करून दाखवतो.

रॅमचंही तसंच. एचटॉपची रॅमची पट्टी पिवळ्या रंगाने भरलेली बघून स्टोअरमधला पोरगा म्हणाला, "रॅम संपलं की हो!" संपलेली नसते. पिवळा भाग म्हणजे फाइलींची कॅश, परत लागतील म्हणून रॅममध्ये ठेवलेल्या फाइली, गरज पडली की सोडून देता येते. विंडोजही मोकळी रॅम अशीच वापरतं, फक्त टास्क मॅनेजर ती 'वापरात' म्हणून मोजत नाही. म्हणून 'फ्री' कमांड दिली की 'अव्हेलेबल'चा रकाना बघायचा, 'फ्री'चा नाही.

खरा कस लागला तो ड्रॉइंग ठेवलेल्या मशीनवर. फाइल उघडायला मिनिट मिनिट लागत होतं आणि सीपीयू मात्र निवांत. टॉपमध्ये वरच्या ओळीत लोड ॲव्हरेजचे तीन आकडे असतात, शेवटच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. विंडोजमध्ये असा आकडा समोर नसतो. लिनक्स त्यात सीपीयूसाठी रांगेत उभे असलेले प्रोसेस (चालू प्रोग्राम) एवढेच नाही, तर डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेलेही मोजतं. त्यामुळे सीपीयू रिकामा आणि लोड चढलेला दिसला की संशय डिस्कवर घ्यायचा. डिस्क कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या 'आयओटॉप'ने दाखवलं की साध्या फाइल वाचणारे प्रोसेसच खोळंबलेत. मग डिस्कची तब्येत सांगणारं 'स्मार्टसीटीएल' चालवलं. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या, रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाले म्हणून बदललेले डिस्कचे तुकडे) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न आल्याने संशयात असलेले). पेंडिंगचा आकडा शून्य नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तो वाढलेला होता. हार्ड डिस्क जायच्या आत सगळी ड्रॉइंग नव्या एसएसडीवर उतरवली. गिऱ्हाइकांच्या जुन्या पार्टची ती ड्रॉइंग परत कुणाकडून मागणार होतो आम्ही?

तापमान हा आमच्या भागातला खास प्रश्न. बीडाचं (ओतीव लोखंडाचं) मशिनिंग कोरडं चालतं, त्याची काळी बारीक पूड ऑफिसपर्यंत येते आणि सीपीयूच्या पंख्यात जाऊन बसते. प्रोसेसर तापला की आपला वेग आपणच उतरवतो. नुसत्या टक्क्यांत त्याचं कारण कळत नाही. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचं तापमान दिसतच नव्हतं, वेगळं सॉफ्टवेअर घालावं लागायचं. इथे 'एलएम-सेन्सर्स' घालून एकदा 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवलं की पुढे 'सेन्सर्स' एवढं लिहिणं पुरतं. आकडा नेहमीपेक्षा चढला की ब्लोअर घेऊन डबा उघडायचा.

नेटसाठी 'नेटहॉग्ज'. कोणता प्रोग्राम किती ओढतोय ते थेट दिसतं. पावसाळ्यात ब्रॉडबँड बंद पडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं, तेव्हा फार उपयोगी.

विंडोजवरचा मार्क रुसिनोविच यांचा प्रोसेस एक्सप्लोरर मला मनापासून आवडायचा. कोणती फाइल कुणी धरून ठेवलीय ते तो चटकन सांगायचा. ते काम इथे 'एलएसओएफ' करतं. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. लिनक्समध्ये उघडी फाइलही पुसता येते, पण ती धरलेला प्रोग्राम बंद होईपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. फाइल पुसूनही डिस्क भरलेलीच दिसली तर तिथे शोधा.

विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या जागी 'जर्नलसीटीएल'. जुलैच्या वादळात लाईट जाऊन मशीन बंद पडलं, तर उणे बी आणि पुढे उणे एक लिहून मागच्या वेळच्या शेवटच्या ओळी वाचता येतात. मशीन व्यवस्थित बंद झालं होतं की मध्येच वीज तुटली, हे त्यावरून कळतं.

यातली टॉप, एचटॉप, फ्री अशी साधनं आकडे आणतात ते मुख्यतः 'प्रॉक' या फोल्डरातून. 'कॅट' लावून तिथली लोडॲव्हजी किंवा मेमइन्फो फाइल तुम्हीही वाचू शकता. पडद्यामागे काही लपलेलं नाही, हे मला लिनक्समध्ये सगळ्यात भावलं.

आणि ती जुनी सवय सोडायचीही गरज नाही. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन कस्टम शॉर्टकट करा, कमांड म्हणून 'ग्नोम-सिस्टम-मॉनिटर' द्या आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप नेमा. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर मी तेच केलंय.