डाग परत आले, पण लोखंड आता सापडायला लागलंय

परत आले डाग, माझ्या स्विमिंग पूलच्या प्लास्टरवर पाण्यातल्या लोखंडाने पडणारे. मागच्या अपडेटमध्ये पायऱ्या पांढऱ्या झाल्याचं सांगितलं होतं आणि त्या झाल्याच होत्या, अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजे व्हिटॅमिन सी) टाकल्यावर तासाभरात तपकिरी रंग डोळ्यांदेखत उतरत गेला, प्लास्टर नवीन असताना होतं तसं दिसायला लागलं. मग क्लोरीन शून्यावरून हळूहळू वर आणत ३ पीपीएमला (लिटरमागे ३ मिलिग्रॅम) नेलं आणि पाणी पुन्हा हिरवट-पिवळं. शेवाळ नाहीये, तळाचा ड्रेन स्वच्छ दिसतो, भिंती बुळबुळीत नाहीत, आणि रात्री सूर्य मावळल्यावर मोजलेलं क्लोरीन सकाळी उजाडायच्या आत जवळजवळ तेवढंच भरलं, शेवाळ असतं तर रात्रीत खाऊन टाकलं असतं. म्हणजे लोखंडच. दोनच दिवसांत खालच्या दोन पायऱ्यांवर परत तांबूस सावली धरली.

ज्यांनी अजून ही ट्रीटमेंट केली नाही त्यांच्यासाठी एक, क्लोरीन चढवताना सुरुवातीला आकडा हलतच नाही त्याने घाबरू नका. माझ्या ४५,००० लिटरला साधारण ५३० ग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक गेलं, म्हणजे १२ पीपीएमच्या आसपास, आणि एवढं अ‍ॅस्कॉर्बिक जवळपास ५ पीपीएम क्लोरीन गिळतं, ते गिळून झाल्याशिवाय टेस्टमध्ये काही दिसणारच नाही. तेवढ्यात लोक घाईने शॉक मारतात, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन ओततात, आणि डाग एका रात्रीत परत बसवून घेतात.

आता मुख्य घोळ. अ‍ॅस्कॉर्बिक डाग काढतं म्हणजे नक्की काय करतं, तर प्लास्टरवर गंजून बसलेलं लोखंड परत विरघळणाऱ्या रूपात आणतं. ते लोखंड जात कुठेच नाही, भिंतीवरून सुटतं आणि पाण्यात येतं. मग आपण सिक्वेस्ट्रंट नावाचं रसायन टाकतो, ते लोखंडाला विरघळलेलंच धरून ठेवतं, पाणी नितळ दिसतं. पण या सिक्वेस्ट्रंटमधल्या एचईडीपीला क्लोरीन आणि ऊन दोन्ही फोडतात, त्याचं फॉस्फेट होतं, आणि धरलेलं लोखंड सुटतं. म्हणून ते दर आठवड्याला थोडं थोडं घालत राहायचं असतं, कायमचं. माझ्या पाण्यात तेव्हा लोखंड ०.६ पीपीएम होतं, ४५,००० लिटरात ०.६ म्हणजे सगळं मिळून २७ ग्रॅम लोखंड. एवढ्याशा लोखंडाने अख्खा पूल रंगवलाय आणि ते त्यात कायम लपवून ठेवण्यासाठी बाटल्यांमागून बाटल्या ओतायच्या, हे मला पटेना. लपवायचं नाही, बाहेर काढायचं.

बाहेर काढायला ते गंजून कणाच्या रूपात यायला हवं, आणि सिक्वेस्ट्रंट नेमकं तेच होऊ देत नाही! जोवर त्याने धरून ठेवलंय तोवर फिल्टरला काही मिळत नाही, लोखंड वाळूतून आरपार जातं. म्हणजे दोन्ही एकदम चालवण्यात काही अर्थच नाही, एकतर धरा नाहीतर गाळा. मी सिक्वेस्ट्रंट बंद केलं, त्याचा जोर ओसरू दिला, पीएच ७.२ वरून मुद्दाम ७.८ ते ८ च्या मध्ये आणला, क्लोरीन नेहमीच्या वरच्या टोकाला ठेवलं आणि पंप रात्रंदिवस चालू. सँड फिल्टर एवढे बारीक कण नीट पकडत नाही, म्हणून स्किमरच्या (वरचं पाणी पंपाकडे ओढणारं तोंड) बास्केटमध्ये उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर सैलसर भरला. गच्च भरू नका, पंपाला पाणी मिळेनासं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फायबर काढला तर विटकरी! इतके महिने जे फक्त टेस्ट ट्यूबमधल्या रंगात आणि प्लास्टरवर बघत होतो ते हातात आलं. खरं सांगतो, पायऱ्या पांढऱ्या झाल्या तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद त्या घाणेरड्या फायबरने झाला. तो पिळून परत वापरू नका, टाकून द्या, नवा भरा. असं करत करत ०.६ वरून ०.३ वर आलोय, हिरवट झाक जवळजवळ गेली. पायऱ्या मात्र तांबूसच आहेत, कारण पीएच वर ठेवल्यावर थोडं लोखंड तिथेही बसतं, ते धरूनच चाललो होतो.

टेस्टबद्दल माझं मत पक्कं झालंय. लोखंडासाठी पट्ट्या वापरू नका, ०.३ आणि ०.६ मधला फरक पट्टीच्या रंगावरून डोळ्याला कळत नाही आणि आपलं सगळं भांडण तेवढ्यातच आहे. टोटल आयर्नची रिएजंट असलेली किट घ्या, आणि पाण्यात सिक्वेस्ट्रंट ताजं असेल तर साधी किट कमी आकडा दाखवू शकते हेही लक्षात ठेवा. आणि त्या चकचकीत डब्यांतल्या स्टेन रिमूव्हरांबद्दल एकच म्हणणं, ज्याच्यावर आत काय आहे आणि किती टक्के आहे ते छापलेलं नाही ते घेऊ नका. एका दुकानदाराने मला खास पूलसाठीचं म्हणून जे दाखवलं ते लेबल वाचल्यावर साधं अ‍ॅस्कॉर्बिकच निघालं, खायच्या ग्रेडची पावडर तेच काम करते.

मधेच एक छोटी गोष्ट, रिटर्नच्या (फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परत येतं त्या) तोंडाजवळचा निळसर-हिरवा डाग गेला. त्याच्यावर व्हिटॅमिन सीची गोळी दाबून काही झालं नव्हतं, म्हणजे लोखंड नाही, सायट्रिक अ‍ॅसिडची पुरचुंडी ठेवली तर फिका पडला. तांबं. आधीच्या मालकांच्या कॉपरवाल्या अल्गीसाइडची (शेवाळ मारायचं औषध) कृपा असणार, मी ते कधी वापरलेलं नाही. खोल भागातले ते दोन गोल गंजके ठिपके मात्र कशालाच दाद देत नाहीत, ते पाण्यातलं लोखंड नव्हेच, प्लास्टरखालची बांधणीची तार गंजतेय, तिथे खोदून पॅच मारावा लागेल.

पुढचा प्लॅन अर्धं पाणी काढून नवीन भरायचा होता. इथे आकडे मांडताना लक्षात आलं की तो रद्द. माझ्या बोअरच्या पाण्यातच १ पीपीएम लोखंड आहे, ०.३ च्या पाण्यातलं अर्धं काढून १ चं भरलं तर ०.६५ होणार, म्हणजे फायबरची सगळी मेहनत पाण्यात. आणि हे फक्त एकदा भरण्यापुरतं नाही. ८ बाय ४ मीटरचा पूल, उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तरी १६० लिटर, महिन्याला ४,८०० लिटर टॉप-अप, त्याच्यासोबत ४.८ ग्रॅम लोखंड आत. पाणी उडून जातं, लोखंड मागे राहतं. दर महिन्याला ०.१ पीपीएमची भर. डाग परत परत का येतात याचं खरं उत्तर इथे आहे, आणि आपण सगळे मात्र पायऱ्या घासत बसतो.

म्हणून आता आधी दार बंद करायचं. १,००० लिटरची टाकी रिकामी पडलीय, टॉप-अपचं पाणी आधी तिच्यात घ्यायचं, २-३ पीपीएम क्लोरीन, पीएच ८ च्या आसपास, नीट ढवळायचं आणि गाळ खाली बसू द्यायचा. मग नळी तळापासून वीतभर वर ठेवून वरचं पाणी ५ मायक्रॉनच्या कार्ट्रिजमधून पूलमध्ये. नुसतं होजला कार्ट्रिज लावून चालणार नाही असं मला वाटतं, कारण बोअरमधून येतानाचं लोखंड विरघळलेलं असतं, कार्ट्रिजला ते दिसतच नाही, आधी टाकीत गंजवलं तरच पकडेल.

आणि पायऱ्यांचं हे लिहिता लिहिता सुचतंय. त्यांच्यावर बसलेलं लोखंडही शेवटी बाहेरच काढायचंय ना, मग पूल ०.२ च्या खाली आला की परत अ‍ॅस्कॉर्बिक, पण या वेळी मागोमाग सिक्वेस्ट्रंट नाही. पायऱ्यांवरून सुटलेलं लोखंड पाण्यात आलं की पीएच आणि क्लोरीन वर न्यायचं आणि फायबरने ओढून घ्यायचं. परत थोडं बसेल, परत काढू, पण दर खेपेला एकूण लोखंड कमीच होत जाणार. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी, अ‍ॅसिड टाकायच्या आधी स्किमरमधला फायबर काढायचा आणि दणकून बॅकवॉश करायचा (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुवायची), नाहीतर वाळूत अडकलेला गंजही तेच अ‍ॅसिड विरघळवून परत पूलमध्ये सोडेल, अ‍ॅसिडला पायरी आणि वाळू सारखीच. शक्यतो तेवढा वेळ व्हॉल्व्ह रीसर्क्युलेटवर, म्हणजे पाणी फिल्टर टाळून फिरेल.

टाकीत गाळ बसायला किती वेळ लागतो ते आधी बादलीत बघतो, तुरटी चिमूटभर घालून आणि न घालता. कुणी तुरटीने बोअरचं लोखंड खाली बसवलं असेल तर किती घातली आणि नंतर अल्कलिनिटी किती उतरली तेवढं सांगा, माझी आधीच ७० वर आहे.