अलेक्झांड्रा पॅलेसचं मॉडेल रेल्वे प्रदर्शन: जाताना जुन्या लाइनवरून चालत, येताना बसने

डोंबिवलीच्या आमच्या घरात दिवाणाखाली सरकतील अशा दोन फळ्यांवर मी गेली तीन वर्षं नेरळ-माथेरान लाइनच्या एका तुकड्याचं मॉडेल करतोय. जुम्मापट्टी स्टेशन आणि त्याच्या वरचं घाटातलं एक वळण, एवढंच. रूळ आणि चाकं इथे मनासारखी मिळत नाहीत, म्हणून काम अडलं होतं. भाचीकडे लंडनला जायचं ठरलं तेव्हा तीच म्हणाली, "मामा, मार्चमध्येच ये. तुझ्या गाड्यांचं प्रदर्शन असतं तेव्हा." मग विमानाच्या तिकिटाआधी प्रदर्शनाचं तिकीट काढलं. तुम्हीही तसंच करा. तारीख नक्की झाल्याशिवाय विमानाचे पैसे भरू नका.

प्रदर्शनाचं नाव लंडन फेस्टिव्हल ऑफ रेल्वे मॉडेलिंग. ते भरतं उत्तर लंडनमधल्या टेकडीवरच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, शनिवार-रविवार असे दोन दिवस. मी दोन्ही दिवस गेलो. एकच दिवस हातात असेल तर कुठला निवडायचा, ते पुढे सांगतो.

निघण्याआधी एक काम घरी बसूनच करायचं. आपल्या लेआउटची, म्हणजे फळीवर मांडलेल्या रूळ-देखाव्याची, मापं एका कागदावर लिहून खिशात ठेवायची: फळीची लांबी-रुंदी, वळणाची त्रिज्या, डब्याची लांबी, बोगद्याची उंची. तिथे शेकडो वस्तू समोर येतात आणि आठवणीवर विसंबून घेतलेली चार बोटांची वस्तूसुद्धा घरी आल्यावर बसत नाही. शिवाय प्रमाणाचा घोळ असतो. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते डबल-ओ, म्हणजे १:७६.२. याच प्रमाणात अरुंद रुळांची गाडी करायची तर एन गेज या आणखी छोट्या प्रकारच्या गाड्यांचे ९ मिमीचे रूळ वापरतात आणि त्याला डबल-ओ-नाइन म्हणतात. माथेरानची गाडी ६१० मिमीच्या रुळांवर चालते, १:७६.२ मध्ये ते बरोबर ८ मिमी होतात. म्हणजे माझी गाडी एक मिमी जास्त रुंद रुळांवर उभी आहे. हे मला फार खटकायचं. पण ब्रिटिश मंडळींची मोठी लाइनसुद्धा डबल-ओमध्ये १६.५ मिमीवर चालते, हिशेबाने ती १८.८३ मिमी हवी. ज्यांना ते सहन होत नाही ते हाताने १८.८३चे रूळ घालतात, बाकीचे सुखाने गाड्या चालवतात. मी दुसऱ्या गटात गेलो.

आता जायचं कसं. सोपी वाट अशी: व्हिक्टोरिया लाइनने फिन्सबरी पार्क आणि तिथून डब्ल्यू-३ नंबरची बस, ती थेट पॅलेसपाशी सोडते. किंवा मूरगेटहून निघणाऱ्या लोकल गाडीने अलेक्झांड्रा पॅलेस स्टेशन आणि पुढे चढण. स्टेशनचं नाव तेच असलं तरी पॅलेस स्टेशनला लागून नाही, दहा-पंधरा मिनिटं चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर स्टेशनवरूनही डब्ल्यू-३च धरा. लंडनच्या बसमध्ये २०१४पासून रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवायचं, आणि चढताना जे टेकवलं तेच दिवसभर वापरायचं. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात, तेव्हा आदल्या रात्री गाड्या चालू आहेत ना ते बघून घ्या.

पण रेल्वेच्या नादाने इतक्या लांब आला असाल तर एकदा तरी चालत जा.

अलेक्झांड्रा पॅलेस १८७३ साली २४ मे रोजी उघडला, आणि त्याच दिवशी तिथवर येणारी रेल्वेची शाखाही सुरू झाली. लोकांनी गाडीत बसून प्रदर्शनं बघायला यावं म्हणूनच ती लाइन घातली होती. सोळा दिवसांत पॅलेस आगीत जळाला. १८७५मध्ये पुन्हा उभा राहिला, पण लाइनचं नशीब कायम डळमळीत राहिलं. १९३०च्या दशकात ती भुयारी रेल्वेला जोडायचं ठरलं होतं, युद्ध आलं आणि ते बारगळलं. १९५४च्या जुलैत प्रवासी गाड्या कायमच्या थांबल्या. पुढे रूळ उखडले आणि १९८४पासून त्या वाटेचा बराचसा भाग पार्कलँड वॉक नावाची पायवाट झाला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी लोक ज्या लाइनने पॅलेसला प्रदर्शनं बघायला जायचे, त्याच लाइनवरून चालत आपण छोट्या गाड्यांच्या प्रदर्शनाला जातो. मला तर दरवाजापर्यंत पोचण्याआधीच तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास आम्ही फिन्सबरी पार्क बागेच्या कडेच्या पादचारी पुलावर होतो. खालून एडिंबराकडे जाणारी मोठी लाइन जाते. पूल उतरला की डावी-उजवी झाडी आणि मधे वाट. भरावावरून चालतोय की खिंडीतून, हे पायांनाच कळत जातं. क्राउच एंडचं जुनं स्टेशन आलं तेव्हा भाची पुढे निघून गेली आणि मी तिथे अर्धा तास घालवला. दोन्ही बाजूंचे फलाट अजून जागेवर आहेत, मधे रुळांच्या जागी माती. फलाटाची कड मी अगदी जवळून बघितली. वरच्या दगडी फरशीची धार झिजून गोल झालेली, खालच्या विटांच्या सांध्यात शेवाळ, पण शेवाळ सगळीकडे सारखं नाही. पाणी जिथून ओघळतं तिथे काळपट हिरवा पट्टा आणि त्याच्या शेजारी वीट जवळजवळ कोरडी. मी माझ्या जुम्मापट्टीच्या फलाटाला सगळीकडे एकच हिरवा हात मारला होता. चूक कुठे होती ते तिथे कळलं. फोनमध्ये साठ फोटो काढले, प्रत्येकात मापासाठी बाजूला पेन ठेवून.

त्या स्टेशनच्या जरा अलीकडे एका कमानीतून भिंत फोडून बाहेर येणारा स्प्रिगन नावाचा पुतळा आहे, मुलं बरोबर असतील तर त्यांना तो आवडेल. हायगेटला वाट तुटते. जुन्या बोगद्यांची तोंडं दिसतात, पण ती बंद आहेत, आत वटवाघळं राहतात. तिथून थोडं रस्त्याने चालून मसवेल हिलचा दुसरा तुकडा धरायचा. तो छोटा आहे, पण त्यातच विटांचा उंच पूल लागतो आणि झाडांच्या वरून खाली सगळं लंडन पसरलेलं दिसतं. पुढे बागेतून पॅलेस. त्याच्या उत्तरेच्या अंगाला जुन्या स्टेशनची इमारत अजून उभी आहे, ती चुकवू नका. फोटोंसकट आम्हाला अडीच तास लागले, सरळ चाललात तर दीड पुरेल. मार्चमध्ये चिखल असतो, चांगल्या पकडीचे बूट हवेत. पाठीला मोठी सॅक नको. दालनात गर्दीत वळताना सॅक कुणाच्या तरी लेआउटला लागते, आणि तिथे एका तारेच्या खांबामागे एक संध्याकाळ खर्च झालेली असते. मी सॅक पोटावर घेतली होती.

ज्यांनी कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघितलंय, त्यांना वाटेल की हेही तसंच, फक्त मोठं. तसं नाही. १९९८पासून पुण्याच्या त्या वास्तूने आपल्याकडच्या किती मुलांना वेड लावलं, मीही त्यांतलाच. पण तिथे एक मोठा देखावा असतो आणि आपण समोर बसून बघतो. इथे दालनात लहान-मोठे कितीतरी लेआउट आणि प्रत्येकामागे तो करणारी माणसं उभी. त्यांना विचारायचं. एक गाडी फलाटात येऊन थांबली की मधे क्षणभर उसंत असते, तेव्हा प्रश्न विचारला तर मनापासून उत्तर मिळतं. गाडी सांध्यावरून जात असताना विचारू नका.

एका वेल्श दगडखाणीच्या डबल-ओ-नाइन लेआउटपुढे मी तासभर होतो. वळणावर इंजिन अडखळत नव्हतं. गृहस्थ साठीचे होते. मी त्यांना माथेरानचे फोटो दाखवले, आणि त्यांनी मला पलीकडे, चालवणाऱ्यांच्या बाजूला बोलावलं. वळणावर ते आतला रूळ फळीवर सपाट ठेवतात आणि बाहेरच्या रुळाखाली पातळ कागदाची पट्टी घालतात, गाडी किंचित आत कलते. "पण खरी गोष्ट खाली आहे," असं म्हणून त्यांनी फळीचा पडदा उचलला. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतंत्र वायर. फिशप्लेटवर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर, विजेसाठी विसंबायचंच नाही. माझी गाडी घाटात का थांबते याचं उत्तर मला तिथे, खाली वाकलेलं असताना मिळालं.

याच प्रमाणात काम करणाऱ्यांची १९७३पासूनची डबल-ओ-नाइन सोसायटी आहे. अरुंद गेजवाल्यांनी तिच्या स्टॉलपाशी आधी जावं, नव्या दुकानांकडे नंतर वळावं. जुन्या वस्तूंच्या पेट्यांत हात घालायला वेळ द्या. माथेरानच्या वाफेच्या इंजिनासारखं इंजिन मला एकाही स्टॉलवर मिळालं नाही, पण एका पेटीत सहा चाकांचा चांगला सांगाडा मिळाला. वरचं अंग मी घरी पत्र्याचं करीन. काही छोटे विक्रेते अजून रोख पैसे पसंत करतात, थोडे पौंड जवळ असू द्या. जेवणाच्या वेळी रांग लांब असते. भाचीने पोळी-भाजीचा डबा दिला होता, तो आम्ही बाहेरच्या गच्चीवर लंडन बघत खाल्ला.

मोठी चूक त्यानंतर झाली. हवं तसं वळण देता येणारे लवचीक रूळ ९१४ मिमी लांब येतात. मी सहा पट्ट्या घेतल्या आणि गठ्ठा हातात धरून बसमध्ये चढलो. उतरताना दरवाजापाशी दोन पट्ट्या घडी पडून वाकल्या, आणि एकदा असा वाकलेला रूळ पुन्हा सरळ होत नाही. भाचीच्या घरी येऊन मोजलं, तर माझी सुटकेस तिरकी धरूनही ७८ सेंटीमीटरच होती. म्हणजे धड राहिलेल्या चार पट्ट्याही विमानात जाणार नव्हत्या. रविवारी मी रूळ कापायची कात्री विकत घेतली आणि राहिलेल्या पट्ट्या बरोबर मध्यावर, ४५७ मिमीला कापल्या. तुम्ही कागदावर मापं लिहाल तेव्हा सुटकेसचं मापही लिहा. आणि बसने जाणार असाल तर पुठ्ठ्याची लांब नळी आधीच बरोबर न्या.

रविवारी मी शेवटचे तीन तास ठेवले होते, आणि एकच दिवस असेल तर मी रविवार दुपारच सुचवीन. माल शनिवारी जास्त असतो, हे खरं. पण रविवारी गर्दी ओसरते, माणसं निवांत बोलतात, आणि शेवटी जे दिसतं ते दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. लेआउट निघतात. दगडखाणवाल्या गृहस्थांनी आधी गाड्या फोमच्या खाचा असलेल्या डब्यांत ठेवल्या, एकेक इंजिन नावानिशी. मग वायरींचे जोड काढले, फळ्यांमधले बोल्ट सोडले. दोन फळ्या वेगळ्या झाल्या की त्यांनी एक उलटी करून दुसरीच्या वर तोंडाला तोंड लावून धरली आणि दोन्ही टोकांना प्लायचे तुकडे बोल्टने आवळले. डोंगर, झाडं, खाणीची घरं सगळी आतल्या बाजूला, बाहेरून नुसती लाकडाची पेटी. शुक्रवारी दुपारी व्हॅन भरून ते निघाले होते, आता रात्री परत. भाड्याच्या व्हॅनचा खर्च आयोजक देतात, असं त्यांनी सांगितलं. मी पेटीचं एक टोक धरून व्हॅनपर्यंत नेलं. दोघांत सहज उचलली गेली. माझ्या दोन्ही फळ्याही अशाच तोंडाला तोंड लावून बंद करता येतील, हे तिथेच डोक्यात पक्कं झालं.

परतीच्या सामानाबद्दल थोडं. इंजिन केबिनच्या बॅगेत, मूळ डब्यात आणि सगळ्यात वर ठेवा. सुरक्षा तपासणीत मला उघडून दाखवावं लागलं, वरच होतं म्हणून दोन मिनिटांत झालं. कात्री आणि रूळ मोठ्या बॅगेत. एनॅमल रंग आणि प्लास्टिक चिकटवायचं पातळ द्रावण पेट घेणारं असतं, ते विमानात नेता येत नाही, तिथे घेऊच नका. २०२१पासून पर्यटकांना ब्रिटनमधल्या खरेदीवरचा व्हॅट परत मिळत नाही, तेव्हा तो हिशेबात धरू नका. बिलं मात्र सगळी जपून ठेवा, आपल्या विमानतळावर विचारलं तर हाताशी हवीत.

कापलेले रूळ परवा फळीवर बसवले. मधला जोड पाण्याच्या मोरीवरच्या छोट्या पुलावर येईल असं बघितलंय, म्हणजे तो दिसणार नाही. दोन्ही तुकड्यांना वेगवेगळ्या वायरी लावल्या आहेत. फलाटाचा हिरवा रंग खरवडून काढलाय, आणि पाणी नेमकं कुठून ओघळतं ते बघायला येत्या पावसाळ्यात जुम्मापट्टीला जाणार आहे.