थंडीने लोकसंख्या घटली, हे आकड्यांवरून सिद्ध होतं का?

“सतराव्या शतकात युरोप गारठला, पिकं बुडाली, माणसं मेली, अर्थव्यवस्था खचली. आलेखात सगळ्या रेघा बरोबरच खाली येतात. मग हवामानामुळेच हे घडलं, असं सिद्ध झालं ना?” हे नेहमी विचारलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. एका वर्षाच्या हवामानाचा त्या किंवा पुढच्या एक-दोन वर्षांतल्या मृत्यूंवर काय परिणाम झाला, हे बऱ्यापैकी दाखवता येतं. शंभर वर्षांच्या घसरणीबद्दल मात्र असा आलेख जवळजवळ काहीच सांगत नाही.

इंग्लंडचं उदाहरण घेऊ, कारण इतकी लांब, सलग आकडेवारी फार थोड्या देशांकडे आहे. १५३८ पासून तिथल्या चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं नोंदली जाऊ लागली. रिग्ली आणि स्कोफिल्ड या इतिहासकारांनी ४०४ पॅरिशांच्या (एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांच्या) नोंदींवरून १५४१ पासूनची लोकसंख्या काढली. १५४१ मध्ये सुमारे २७.७ लाख, १६५६ मध्ये ५२.८ लाख, १६८६ मध्ये ४८.६ लाख. तापमानासाठी हवामानतज्ज्ञ मॅन्ली यांची मध्य इंग्लंडची मासिक मालिका १६५९ पासून आहे. तिच्या सुरुवातीच्या दशकांतले आकडे अर्ध्या-एक अंशापर्यंतच नेमके आहेत.

पहिलं काम वर्ष जुळवण्याचं, आणि बहुतेक चुका इथेच होतात. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. १६८३-८४ च्या हिवाळ्यात थेम्स गोठली होती. डिसेंबर ते फेब्रुवारीचं सरासरी तापमान उणे १.२ अंश सेल्सिअस होतं. त्या जानेवारीतली दफनं वहीत १६८३ सालाखाली सापडतात, तर तापमानाच्या मालिकेत तोच महिना १६८४ चा. वर्ष न जुळवता दोन्ही स्तंभ शेजारी ठेवले तर माणसं आधी मेली आणि थंडी नंतर पडली, असं उत्तर येतं. धान्याचे भावही जानेवारी ते डिसेंबर घेऊ नका, त्यात दोन सुग्या मिसळतात. ऑक्टोबर ते सप्टेंबर घ्या.

वार्षिक सरासरी तापमान तर मुळीच वापरू नका. कडक हिवाळ्यात छातीच्या आजारांनी म्हातारी माणसं जात, तापलेल्या उन्हाळ्यात पोटाच्या आजारांनी लहान मुलं. दोन्हीकडे मृत्यू वाढतात, पण वार्षिक सरासरीत थंडी आणि उष्णता एकमेकींना खोडून काढतात आणि परिणाम शून्य दिसतो. हिवाळा आणि उन्हाळा ही दोन वेगळी चलं (हिशोबातले बदलते घटक) ठेवावी लागतात.

आता त्या सुंदर आलेखांबद्दल. तापमान आणि लोकसंख्या अशा दोन्ही मालिकांवर ३० वर्षांची सरकती सरासरी (प्रत्येक वर्षाऐवजी त्याच्या आसपासच्या ३० वर्षांची सरासरी) लावायची आणि मग सहसंबंध (दोन्ही किती बरोबरीने हलतात याचं माप) काढायचा, ही पद्धत फार रूढ आहे आणि ती घातक आहे. निव्वळ यादृच्छिक आकड्यांवर सरकती सरासरी लावली तरी लाटा उमटतात. संख्याशास्त्रज्ञ स्लुट्स्की यांनी हे १९२७ मध्येच दाखवलं होतं. हिशोब करून पाहा. ३०० स्वतंत्र वर्षं असतील तर ०.११ च्या वरचा सहसंबंध पाच टक्के पातळीवर दखल घेण्याजोगा ठरतो, म्हणजे तो निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते. ३० वर्षांची सरासरी घेतली की हाताशी स्वतंत्र निरीक्षणं उरतात जेमतेम दहा, आणि उंबरठा जातो ०.६३ वर. आलेखावर बिंदू मात्र ३०० च दिसतात. अशा मालिकांवर ‘आधी कोण, नंतर कोण’ ठरवणारी ग्रेंजर चाचणी लावणं त्याहून वाईट, कारण मध्यावर बेतलेली सरासरी पुढच्या १५ वर्षांची माहिती आधीच आजच्या आकड्यात ओतते. मॉर्गन केली आणि कॉर्मॅक ओ ग्राडा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये या मुद्द्यावरून लघु हिमयुगाच्या (युरोपातल्या त्या काही शतकांच्या थंड काळाच्या) काही आलेखांवरच आक्षेप घेतला. हवामान-अभ्यासकांनी त्यांना उत्तर दिलं. पण सांख्यिकीचा आक्षेप टाळता येत नाही.

दुसरा सापळा असा, की एकच गोष्ट समीकरणाच्या दोन्ही बाजूंना बसते. वास्तव मजुरी म्हणजे रोख मजुरी भागिले किमती. गवंड्याची रोख मजुरी वर्षानुवर्षं हलत नसे, म्हणून वास्तव मजुरीचा वार्षिक चढउतार म्हणजे बहुतांशी धान्याचा उलटा केलेला भाव. ‘हवामानाचा अर्थव्यवस्थेवर परिणाम’ म्हणून जे छापलं जातं, ते अनेकदा पिकाचा भावावर झालेला परिणाम एवढंच असतं.

आम्ही सुचवतो ती रीत अशी: दफनांचे आणि भावांचे लॉग (लॉगॅरिदम) घ्या, मागच्या वर्षाशी फरक काढा, भावाला चार वर्षांपर्यंत विलंब द्या, म्हणजे त्या वर्षाच्या मृत्यूंशी आधीच्या चार वर्षांपर्यंतचे भावही जोडून पाहा, १६६५ च्या प्लेगसारखी वर्षं वेगळी खुणावा. यादवी युद्धाच्या काळात, १६४०-५० च्या दशकांत, वह्या नीट ठेवल्या गेल्या नाहीत. ती वर्षं वगळूनही निकाल टिकतो का ते पाहा. मग १७५० च्या आधीचे आणि नंतरचे गुणांक (भाव बदलला की मृत्यू किती बदलतात हे सांगणारे आकडे) वेगळे काढा, कारण भाव आणि मृत्यू यांचा संबंध पुढे विरत जातो. लोकसंख्येचे पंचवार्षिक आकडे रेघेने जोडून वार्षिक करू नका, दफनंच वापरा.

संपूर्ण युरोपला एकच गुणांक लावणंही आम्हाला मान्य नाही. १६९० च्या दशकातल्या थंडीत फिनलंडने पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त माणसं गमावली, फ्रान्समध्ये १६९३-९४ मध्ये दहा लाखांवर जादा मृत्यू झाले. इंग्लंडमध्ये भाव चढले, पण असं संकट आलं नाही. पॅरिशच्या करातून गरिबांना मदत मिळत होती आणि धान्य जलमार्गाने हलत होतं. १६५६ नंतरच्या घटीतही वाढलेल्या मृत्यूंच्या जोडीला कमी जन्म आणि अमेरिकेकडे झालेलं स्थलांतर आहे.

दख्खनचं काय, असंही पुढे विचारलं जातं. इथे तापमान नव्हे, पाऊस हे चल हवं. आणि १६०० सालच्या भारताची लोकसंख्या इतिहासकार मोरलंड १० कोटी धरतात, लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस १२.५ कोटी, हा फरकच १८७१ च्या सगळ्या इंग्लंडच्या लोकसंख्येपेक्षा मोठा आहे. त्यावर वार्षिक रिग्रेशन (असे गुणांक काढण्याचा हिशोब) चालवण्यात अर्थ नाही. १६३०-३२ च्या गुजरात-दख्खनच्या दुष्काळासाठी सुरतेच्या इंग्रज आणि डच वखारींचे कागद आहेत. त्यांतून त्या दोन-तीन वर्षांचं चित्र नीट उभं करता येतं. शतकाची रेघ त्यांतून निघणार नाही.