चांगली फिल्म नासवतेस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॅमेऱ्यातली फिल्म महाग आहे, हे मला माहीत आहे. फोनमधल्या फिल्टरने तेच होतं, हे मात्र खरं नाही. फोटोंत अनपेक्षित रंग आणि डाग उमटावेत म्हणून मी काढून झालेला रोल लिंबाच्या रसात नाहीतर भांड्यांच्या साबणात बुडवून मग डेव्हलप करते, म्हणून हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदाच लिहून मोकळी होते.

फिल्टर तयार चित्रावर बसतो, नको झाला की काढता येतो. इथे चित्र ज्यात आहे तो थरच बदलतो. रंगीत फिल्मवर निळा, हिरवा, लाल प्रकाश टिपणारे जिलेटिनचे थर एकावर एक असतात. गरम पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, आणि आम्ल, मीठ, साबण आत शिरतात. पण सगळीकडे सारखे नाहीत. पूर्वी मी वहीत प्रमाणं लिहायचे: व्हिनेगर इतकं, तर रंग अमुक. फार शास्त्रीय वाटायचं. पुढच्या वेळी तीच कृती भलताच रंग दाखवायची.

खरं उत्तर मैत्रिणीच्या रोलपाशी अडतं. फोटोंसाठी एक अख्खी दुपार ती माझ्यासमोर बसली होती. रोल मी बुडवला, भरपूर सुकवला. कॅसेटच्या, म्हणजे फिल्मच्या डबीच्या, तोंडाशी प्रकाश अडवायला मखमल असते, ती पाणी धरून ठेवते. हाताला कोरडी लागली होती. चेंजिंग बॅगेत, म्हणजे प्रकाश आत न येणाऱ्या पिशवीत, हात घालून फिल्म ओढायला लागले. सुरुवातीची सुटली. आत, जिथे वेटोळी घट्ट असतात, तिथे वेढ्याला वेढा चिकटलेला. हळूच ओढलं तर चर्र आवाज, आणि बोटांना साय लागावी तसं काहीतरी. दिसत काहीच नव्हतं, पण फोटो बोटांवर आलेत हे कळलं. फिल्म डेव्हलपिंग टँकच्या, म्हणजे ती धुवायच्या बंद डब्याच्या, रिळात सरकेना. सरकली तेवढी टँकमध्ये घातली, ३८ अंशांवर डेव्हलप केली. काही फ्रेम नुसता पारदर्शक पट्टा, काहींत कडेला सोललेलं कातडं. एकीत तिचा खांदा आणि कान, चेहऱ्याच्या जागी हिरवट डाग.

तिने निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहिली. "बुडवण्याआधी विचारायचंस ना मला."

मी म्हटलं, यात काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. खोटं नव्हतं ते. पण तिने ते विचारलंच नव्हतं. आजही वाटतं की फोटो माझा होता. चेहरा तिचा होता, हेही वाटतं. दोन्ही एकत्र बसत नाहीत.

आणि तुम्ही ज्याला वाहवा म्हणता, त्या निवडक फ्रेम. बाकीच्या मी दाखवत नाही. 'जे घडेल ते घडू द्यायचं' असं मी ऐटीत सांगायचे, पण निवडणारी मीच, मग घडू कुठे दिलं? यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तरी पुढचा रोल बुडवणार आहे.

लॅबवाले असा रोल घेत नाहीत, याचा मला राग नाही. त्यांच्या मशीनमधलं रसायन सगळ्यांच्या रोलना तेच असतं, माझा साबण दुसऱ्याच्या लग्नाच्या फोटोंत कशाला? करून बघायचंच असेल तर घरी टँकमध्ये, टाकून द्यायच्या बेतातल्या रसायनात करा. बुडवताना कपड्यांचं ब्लीच मात्र घालू नका, ते जिलेटिनच खाऊन टाकतं. आणि फोटोत कुणी असेल, तर त्याला विचारायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.